आबा: सॅपर, सुतार आणि आमचे आजोबा

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझे आजोबा गेल्या महिन्यात गेले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. वय 81. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि आता त्यांची हत्यारांची पेटी आणि मेडलांचा डबा माझ्यासमोर आहे. वर्षश्राद्धापर्यंत घरातल्या पोरांसाठी त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका करायची आहे. त्यासाठी इथल्या जाणत्यांची मदत हवी. आधी आबांबद्दल लिहिते.

घर सुताराचं, गाव सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातलं. पणजोबा बलुत्यावर काम करायचे. वर्षभर नांगर, कुळव, पाभर, गाडीची चाकं करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणायचं. चीनच्या लढाईनंतर फौजेत मोठी भरती निघाली, तेव्हा 1963 साली आबा खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, म्हणजे बॉम्बे सॅपर्समध्ये गेले. फौजेच्या इंजिनिअर दलातला जवान म्हणजे सॅपर. ट्रेड अर्थातच सुतार. 1979 ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि परसातल्या छपराखाली जो ठिय्या मांडला तो शेवटपर्यंत.

आम्हा प्रत्येक नातवंडासाठी त्यांनी वेगळा पांगुळगाडा केला. थोरल्याचा धाकट्याला देता आला असता, पण ते त्यांना पटायचं नाही. प्रत्येकाचा नवा, आणि खालच्या दांड्यावर तापल्या खिळ्यानं डागलेलं नाव आणि साल. मी दिवस भरायच्या आधी जन्मले, हातात जोर नव्हता. माझ्या गाड्याची मूठ बाकीच्यांपेक्षा बारीक आहे आणि तिच्या मधोमध बोटांसाठी उथळ खाच आहे. आजी सांगते, मला मांडीवर घेऊन ते माझी मूठ सुतानं मापत बसायचे.

आजीला संधिवात. तिची बोटं वळेनाशी झाली तशी घरातली एकेक वस्तू बदलत गेली. विळीचा पाट रुंद झाला, देव्हारा भिंतीवर चढला म्हणजे तिला उभ्यानं पूजा करता यावी, दाराच्या गोल मुठीच्या जागी लांब दांडी आली. तिची काठी त्यांनी शिवणीच्या लाकडाची केली, वजनाला हलकी म्हणून. ती करताना मी शेजारी होते. आजीला चपला घालून उभं केलं, हात सैल सोडायला लावले, मनगटाच्या घडीपाशी पेन्सिलीची खूण केली. काठी मुद्दाम लांब ठेवली होती. मग अंगणात दोन फेऱ्या, एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कापायचं, परत दोन फेऱ्या. आजी वैतागली. आबा म्हणाले, "कापलेलं परत जोडता येत नाय. चाल अजून एकदा."

लढाईबद्दल मात्र ते बोलायचे नाहीत. 1971 ला ते पश्चिमेच्या आघाडीवर होते, शकरगढच्या बाजूला, एवढंच आम्हाला माहीत. पण त्यांच्या काही सवयी होत्या. रानातून, माळावरून जाताना कायम सांगायचे, "म्होरं मी. माझ्या पावलावर पाऊल टाका." आम्हाला वाटायचं सापाकिरड्याची भीती. आणि घरात कार्य असलं की मांडवापासून विहिरीपर्यंत दुतर्फा खुंट्या ठोकून पांढरी नाडी बांधायचे. रात्री पाहुण्यांचा पाय वाकडा पडू नये म्हणून, असं म्हणायचे.

माझे प्रश्न:
मेडलांचे फोटो खाली जोडते आहे. दोन तारे आहेत, बाकी गोल. ही कशाची?
पेटीच्या झाकणावर "सर्वत्र" असं कोरलंय. ते फौजेतलं आहे का?
हत्यारांचं काय करावं? घरात दोन मतं आहेत. काका म्हणतात काचेच्या पेटीत लावू. मला ठरवता येत नाही.

---

शेवंती

रानजाई, आबांना भावपूर्ण श्रद्धांजली. काठीचा प्रसंग वाचून फार भरून आलं.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. ते गेल्यावर आम्ही सगळे दुःखात, आणि आजीच्या फॅमिली पेन्शनचे कागद तसेच पडून राहिले. तुमच्या आजींचं ते काम झालं नसेल तर आधी ते बघा. पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक, मृत्यू दाखला, आजींचं आधार आणि बँक पासबुक एका फायलीत लावा. डिस्चार्ज बुकमधली आजींच्या नावाची नोंद आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतं का ते तपासा, अडतं ते तिथंच. साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथं फॉर्म भरायला मदत करतात.

---

गुण्या

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. मी याच धंद्यातला, वडिलोपार्जित.

काचेच्या पेटीत लावू नका, एवढं कळकळीनं सांगतो. पेटीत काय काय आहे त्याची यादी द्या, आणि शक्य असेल तर रंध्याच्या पात्याचा, पटाशीच्या धारेचा जवळून फोटो टाका. हत्यारावरून माणूस कळतो.

---

निवृत्त सॅपर

रानजाई ताई, तुमचा मजकूर दोनदा वाचला. मी त्याच ग्रुपचा, तुमच्या आबांच्या बराच मागचा. "सर्वत्र" हे कोअर ऑफ इंजिनिअर्सचं ब्रीद. आबांनी ते पेटीवर कोरलं याचा अर्थ ते त्यांनी आयुष्यभर जवळ बाळगलं.

आता सवयींबद्दल. ताई, ती सापाची भीती नव्हती.

सॅपरचं काम म्हणजे बाकीच्या फौजेला वाट करून देणं. शत्रूनं सुरुंग पेरलेलं रान असतं, त्यातून रणगाडे आणि पायदळ न्यायचं असतं, आणि त्याच्या आधी सॅपर आत शिरतो. पोटावर पडून हातातल्या सळईनं किंवा संगिनीनं जमीन चाचपायची. सळई सरळ खाली मारायची नसते, तिरकी घालायची, म्हणजे ती सुरुंगाच्या अंगाला लागते, माथ्यावर दाब पडत नाही. रणगाड्यासाठीचा सुरुंग माणसाच्या वजनानं सहसा उडत नाही, पण त्याच्या आसपास माणसासाठीचे छोटे सुरुंग पेरलेले असतात. वीत वीत जमीन साफ करत पुढं जायचं, आणि साफ केलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत लावायची. रात्रीच्या अंधारात मागून येणाऱ्याला ती फीत दिसते. फितीच्या आत पाय, म्हणजे जीव शाबूत. आणि मागच्यानं पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकायचं, हा आमच्याकडं रंगरूटाला पहिल्या दिवसापासून घोटून घेतलेला धडा.

शकरगढच्या पट्ट्यात 1971 च्या डिसेंबरात सुरुंगांची खोलच खोल रानं होती. बसंतर नदीपाशी रणगाड्यांची मोठी लढाई झाली, पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 डिसेंबरला तिथंच पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते रणगाडे नदीपार गेले ते सॅपर्सनी सुरुंगांतून काढलेल्या वाटेनं. त्या आघाडीवर ज्यांनी ज्यांनी हे काम केलं त्यांची नावं फारशी कुठं येत नाहीत. तुमच्या घरच्या मांडवात पांढरी नाडी बांधणारा माणूस त्यातला होता. पुस्तिकेत हे जरूर लिहा.

मेडलं फोटोवरून सांगतो. एक तारा 1965 चा समर सेवा स्टार, दुसरा 1971 चा पश्चिमी स्टार. म्हणजे दोन्ही लढायांत ते प्रत्यक्ष आघाडीच्या क्षेत्रात होते. गोल मेडलांत रक्षा मेडल 1965 चं, संग्राम मेडल 1971 चं, आणि स्वातंत्र्याला 25 वर्षं झाली तेव्हा 1972 साली नोकरीत असलेल्या सर्वांना मिळालेलं मेडल. फितीवर आडवी पट्टी आहे ते सैन्य सेवा मेडल. पट्टीवर प्रदेशाचं नाव असतं: जम्मू-काश्मीर, नेफा (आताचा अरुणाचल), हिमालय, जिथं सेवा केली असेल ते. भिंग घेऊन वाचा आणि इथं लिहा. मेडलाच्या कडेवरही बारीक अक्षरं असतील, त्यात आबांचा नंबर, हुद्दा आणि नाव.

---

रानजाई

निवृत्त सॅपर काका, तुमचा प्रतिसाद मी आजीला मोठ्यानं वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तरीच. पोरं म्होरं पळाली की त्यांच्या कपाळावर घाम यायचा." तिलाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

भिंगातून पाहिलं. पट्टीवर जम्मू-काश्मीरच आहे. कडेवर नंबर आणि नाव स्पष्ट वाचता आलं, हुद्दा "सॅपर".

गुण्यादादा, यादी देते, धारेचे फोटोही जोडते. नावं चुकली तर सांभाळून घ्या. रंधे चार, एक अगदी वीतभर. पटाश्या सात, त्यातल्या दोन घासून घासून बोटाएवढ्या उरल्यात. वाकस, दोन करवती, गिरमिट, भोकं पाडायचा दोरीचा सामता, काटकोन बघायचा गुण्या, रेघ आखायचं लाकडी मार्किंग गेज (त्याची पाचर हरवली आहे), मोगरी, कानशी, आणि पितळी टोकांची लाकडी घडीची फूटपट्टी. सगळ्यांच्या मुठींवर चाकूनं केलेली एक छोटी खूण आहे, दोन रेघा आणि एक तिरकी.

---

माळावरचा

वेगळं मत मांडतो, राग नसावा. अशी पेटी एखाद्या संग्रहालयाला द्यावी. घरात दोन पिढ्यांनंतर कुणालाच किंमत राहत नाही. खडकीला बॉम्बे सॅपर्सचं स्वतःचं संग्रहालय आहे.

---

गुण्या

माळावरचा, तुमचा मुद्दा मेडलांबाबत एक वेळ मानतो. हत्यारांबाबत नाही. संग्रहालयात रंध्यावर चिठ्ठी लागते आणि त्याचं काम तिथं थांबतं.

ताई, तुम्ही लिहिलंत की दोन पटाश्या घासून बोटाएवढ्या उरल्यात. पटाशी एवढी संपायला माणसानं ती दगडावर किती वेळा धरली असेल! आणि त्या टाकल्या नाहीत, छोट्या खाचांसाठी ठेवल्या. फोटोत धार बघितली, कडेपासून कडेपर्यंत एकसारखी उतरती, कुठं गोलावलेली नाही. हा हात पक्का होता.

आता त्यांनी केलेल्या वस्तू उलट्या करून बघा. पाट, चौरंग, पांगुळगाडा, जे असेल ते. सांध्यापाशी पटाशीनं मारलेल्या बारीक रेघा दिसतील. एका तुकड्यावर दोन रेघा असतील तर त्याच्या जोडीच्या तुकड्यावरही दोनच. कुठलं कुसू (भोकात शिरणारं टोक) कुठल्या भोकात बसवून पारखलंय ते ध्यानात राहावं म्हणून त्या मारतात. दिसायला सगळी कुसवं सारखी, पण हातानं केलेलं प्रत्येक कुसू आपापल्याच भोकात घट्ट बसतं. मुठींवरची दोन रेघांची खूण मात्र घराण्याची असणार. चार सुतार एका कामावर असले की हत्यारांची सरमिसळ होते, म्हणून ज्याची त्याची खूण.

जपणुकीचं सांगतो. पात्यांवर वरवर गंज असेल तर रॉकेलचं बोट लावून बारीक पॉलिश पेपरनं हळू घासा, सपाट बाजू सपाटच राहू द्या, आणि मग मशीनच्या तेलाचा हात फिरवा. मुठींना काही घासू नका. हाताच्या घामातेलानं आलेला तो काळसर तुळतुळीतपणा परत आणता येत नाही. फार कोरड्या वाटल्या तर बेलतेलाचा (जवसाच्या तेलाचा) बोळा फिरवून लगेच पुसून काढा. आणि तो बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेलाचं फडकं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, ते उघडं पसरून वाळवायचं आणि मगच टाकायचं. पेटीत कुठं पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसतो का बघा. दिसला तर भुंगा लागलाय. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, पण कडेच्या पांढऱ्या लाकडाला हमखास लागतो.

गेजची पाचर बाभळीची करा, नाहीतर शिसवीची. सागाची दबते.

आणि कुणीतरी ती वापरा. घरात एकानं जरी पटाशीला धार लावायला शिकलं तरी पुरे.

---

पाऊसवेळ

__/\__ आबांना सलाम.

मेडलं चकचकीत करायचा मोह होईल, तो टाळा. पितळ घासायचं पॉलिश लावलं की कोरलेली अक्षरं पुसट होत जातात, कडेवरचं नाव तर आधी जातं. मऊ सुती फडक्यानं पुसा, बस. फिती उन्हात ठेवू नका, भिंतीवर लावलंत तर खिडकीसमोर नको. जुन्या प्लास्टिकच्या पिशव्यांतही ठेवू नका, त्यानं धातूवर हिरवट चिकट थर येतो.

---

खडकीकर

एका नावाची आठवण इथं काढायलाच हवी. रामा राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे. 1948 च्या एप्रिलमध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर सुरुंग आणि पाडलेली पाइनची मोठाली झाडं हटवत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली, तीही जखमी असताना. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. रानजाईच्या आबांनी भरती झाल्यावर खडकीत हे नाव नक्की ऐकलं असणार.

सुताराचं फौजेत काय काम, असं लोक मला विचारतात, म्हणून थोडं सांगतो. बेली पूल सगळ्यांनी पाहिलेला असतो, पुरात रस्ता वाहून गेला की लष्कर टाकतं तो. त्याचं एकेक लोखंडी पॅनल दहा फूट लांब आणि सुमारे 260 किलो वजनाचं, सहा जण मिळून उचलतात. पण गाडीचं चाक फिरतं ते लोखंडावर नाही, वर अंथरलेल्या लाकडी फळ्यांवर. फळी फुगली, पिळवटली, फुटली की पूल बंद. खंदकाचे आधार, बंकरची छतं, नदीकाठच्या उतरंडी, सगळीकडे लाकूड लागायचं. पलटणीत चांगला सुतार असणं ही त्या काळी फार मोलाची गोष्ट होती.

---

सागर_का

रानजाईचा मी आत्येभाऊ, तिनं धाग्याचा दुवा पाठवला म्हणून खातं उघडलं. पहिल्यांदाच लिहितोय.

रानजाई, तू एक सांगितलं नाहीस, कारण तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस. मी दहावीला नापास झालो होतो. घरात कुणी बोलत नव्हतं माझ्याशी. आबा मला छपराखाली घेऊन गेले आणि सागाची एक वाकडी फळी पुढ्यात टाकली. म्हणाले, ही सरळ कर. मी रंधा मारायला घेतला, तो सारखा अडकायचा, लाकूड उचकटायचं. ते नुसते बघत बसले. मग उठून फळी फिरवली, या टोकाचं त्या टोकाला केलं, आणि म्हणाले, "आता मार." रंधा सर्रकन गेला, लांबलचक सालपट निघालं. लाकडाच्या रेषेच्या विरुद्ध रंधा मारत होतो मी. त्या अख्ख्या महिन्यात त्यांनी परीक्षेचं नाव काढलं नाही. रोज सकाळी फक्त फळी द्यायचे. ऑक्टोबरला बसलो, पास झालो, पुढं आयटीआय केलं. आज माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, लोखंडाचं. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट शेडमध्ये आले की वेल्डिंगची पट्टी बोटानं चाचपून बघायचे आणि मान हलवायचे.

अजून एक. दर 16 डिसेंबरला सकाळी ते अंघोळ करून, मेडलं लावून, कोट घालून छपराखाली बसायचे. काम नाही करायचे. दुपारी कोट काढून परत कामाला. मी लहानपणी विचारलं की का, तर म्हणाले, "बरुबरचे हायेत ना." पुढं विचारायचं सुचलं नाही.

पांढरी नाडी बांधायला खुंट्या मी ठोकायचो. दोन खुंट्यांतलं अंतर त्यांनी पावलं मोजून सांगितलं की तेवढंच ठेवावं लागायचं.

---

रानजाई

सागरदादा, हे कधीच सांगितलं नाहीस रे. पुस्तिकेत तुझ्या शब्दांत जसंच्या तसं घेणार आहे.

गुण्यादादा, माझा पांगुळगाडा उलटा केला. रेघा आहेत! एक, दोन, तीन, चार, जोडीजोडीनं, नखानं ओढल्यासारख्या बारीक. मुठीच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार. आणि मुठीची आणखी दोन भोकं आहेत, आधीची, पाचर मारून बुजवलेली. म्हणजे मूठ दोनदा खाली सरकवली होती. इतकी वर्षं तो गाडा आमच्या हॉलमध्ये कुंडी ठेवायला वापरत होतो, खालून कुणी पाहिलंच नव्हतं.

घरच्या काकांशी बोलले. मेडलं फ्रेम करून आजीच्या खोलीत, खिडकीपासून लांब. हत्यारं सागरदादाकडं. त्याच्या मुलाला लाकडाचं वेड आहे, आबांनी त्याला वीतभराचा रंधा धरायला शिकवला होता. काकांनी आधी नाही म्हटलं, मग खडकीकर आणि गुण्यादादांचे प्रतिसाद वाचून स्वतःच पेटी जिन्यावरून खाली उतरवली.

निवृत्त सॅपर काका, एक विनंती. आबा 1971 ला नेमक्या कुठल्या फील्ड कंपनीत होते ते कळायला काही मार्ग आहे का? डिस्चार्ज बुकची पानं भिजून चिकटली आहेत.

---

निवृत्त सॅपर

आहे. खडकीला ग्रुपचं रेकॉर्ड ऑफिस आहे, तिथं लेखी अर्ज करायचा. आजींच्या सहीनं करा, निकटच्या वारसाचा अर्ज असलेला बरा. वर नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, भरतीचं आणि निवृत्तीचं साल लिहा, सोबत मृत्यू दाखल्याची आणि पीपीओची प्रत जोडा. कुठल्या युनिटमध्ये कधी ते कधी होते आणि कुठली मेडलं मंजूर झाली होती, दोन्ही विचारा. त्या काळातल्या कितीतरी जवानांची मेडलं मंजूर होऊनही हातात पोचलेली नाहीत. तुमच्या फोटोत दीर्घ सेवेचं मेडल दिसत नाही. सोळा वर्षं नोकरी झालेल्या हवालदाराचं नऊ वर्षांचं मेडल असायला हवं, तेही अर्जात विचाराच.

डिस्चार्ज बुकची पानं ओढू नका. पंख्याखाली उभं उघडं ठेवून पूर्ण वाळू द्या, मग पातळ पट्टी सरकवून एकेक पान सोडवा. शाई पसरली असेल तर तिथंच थांबा आणि फोटो काढा.

युनिट कळलं की मला सांगा. त्या युनिटचे त्या वेळचे लोक आता थोडे उरलेत, पण आमचे मेळावे होतात, मी विचारून बघतो. सागरला म्हणावं, त्या 16 डिसेंबरच्या "बरुबरच्यां"पैकी एखादं नाव आबांच्या तोंडून कधी निघालं असेल तर आठवून लिहून ठेव. अर्जाचा मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.